आत्यांची जनावरं

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. त्यामुळे पुढे जिथे जिथे आत्या येतील तिथे माझ्या सासूबाई समजाव्यात, वडिलांची बहीण नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण आत्यांची गोष्ट सांगायची तर मला राक्षसांपासून सुरुवात करावी लागणार आहे, आणि एका वेळी दोन घोटाळे नकोत.

राक्षस खेळातले. साताऱ्याला माझ्या माहेरी टीव्हीला जोडायचा खेळाचा एक डबा होता आणि त्याच्या जोडीचा एक हातात मावेल एवढा छोटा खेळ. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत मामा गाडी चालवायचे. शाळा संपवून परदेशी निघालेल्या एका मुलाने हे सगळं खोक्यासकट त्यांच्या गाडीत ठेवलं आणि म्हणाला, आता मला नको, तुम्ही घेऊन जा. मामांनी ते आमच्या घरी आणून टाकलं. हातातल्या खेळात रानावनात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं. मग एका जाड वायरने तो छोटा खेळ डब्याला जोडला, की तेच प्राणी टीव्हीवर हत्तीएवढे होऊन उतरायचे, डरकाळ्या फोडायचे आणि मैदानात एकमेकांशी झुंजायचे. हातात वाढवायचे, टीव्हीवर लढवायचे, असा सगळा मामला.

माझा धाकटा भाऊ लढवण्यातला. मी वाढवण्यातली. तो रोज उठून माझे प्राणी मैदानात नेऊन हरवून आणायचा आणि मी रोज त्याच्या पाठीत धपाटा घालायची. शेवटी आईने वाटणी करून दिली. छोटा खेळ माझा, डबा त्याचा. ती वाटणी पुढे कुणी मोडली नाही. भाऊ फौजेत गेला, तरी डबा माहेरच्या कपाटात राहिला. माझं लग्न झालं, तेव्हा छोटा खेळ माझ्या बॅगेत साड्यांच्या घडीखालून सांगलीकडे आला. लग्नानंतर बॅग उपसताना तो नवऱ्याच्या हाती लागला. नवऱ्याने तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." तेव्हापासून त्याचं आमच्या घरातलं नाव घोडं.

सांगलीपासून थोडं आत, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. चारी बाजूंनी ऊस. मी जवळच्या हायस्कूलवर विज्ञान शिकवते, नवरा शेती बघतो. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आणि गोठ्यात दोन म्हशी. म्हशी आत्यांच्या. त्यांचं शेण, वैरण, आंघोळ, धार, सगळं आत्या करायच्या. आम्ही दोघं त्या वाटेला कधी गेलो नाही. मला शाळेची घाई, नवऱ्याला पाण्याच्या पाळीची. चहात दूध असायचं, ते आपोआप येतं अशी आमची साधारण समजूत होती.

एका सकाळी धार काढता काढता आत्यांच्या हातातली चरवी सुटली. आवाज ऐकून मी धावले, तर त्या म्हशीच्या पायाशी बसलेल्या आणि बोलायला जातायत ते शब्द वाकडे येतायत. मिरजेच्या दवाखान्यात नेलं. वेळेवर नेलं, असं डॉक्टर म्हणाले. जीभ सुधारली, पाय सुधारला. उजवा हात मात्र राहिला. हात वर जायचा, पण बोटं मिटायची नाहीत. चहाचा कप धरता येईना.

आत्या दवाखान्यात असतानाच नवऱ्याने म्हशी विकल्या. पलीकडच्या गावातला ओळखीचा गवळी येऊन घेऊन गेला. मी म्हणाले, बरं झालं, कोण बघणार होतं आता. हा विचार करायला आम्हाला फारसा वेळ लागला नाही.

आत्या घरी आल्या त्या पुढच्या सोप्यात न बसता थेट गोठ्याकडे गेल्या. म्हशी विकल्याचं त्यांना गाडीतच सांगितलं होतं. गोठ्यात रिकामे खुंटे बघून परत आल्या आणि मुलाला विचारलं, "दावी कुठायत रं?"

"दावी? गेली की म्हशींबरोबर."

आत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आजारपणाने डोकं अजून जाग्यावर आलेलं नाही. दोन म्हशी गेल्या आणि ही बाई दोरखंडं विचारते. मी त्यांना हाताला धरून कॉटवर बसवलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्यांनी आम्हाला बजावलं होतं की बोटं रोज हलली पाहिजेत, नाहीतर हात आखडेल आणि मग काही उपाय नाही. त्यांनी दाबायला एक पिवळा रबरी चेंडू दिला. त्यावर हसरं तोंड काढलेलं होतं. आत्यांनी तो दोनदा दाबला, त्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कशाला दात काढतंय?" दुसऱ्या दिवशी चेंडू गल्लीतल्या कुत्र्याकडे होता.

नवरा समजावून थकला. मग त्याने एक युक्ती काढली. म्हणाला, "आई, तुझा हात चालू दे, आपण म्हैस आणू." हे त्याने रुसलेल्या पोराला गोळी दाखवावी तसं म्हटलं होतं. मला खासगीत म्हणाला, हात काय चालत नाही आता, पण निदान आशेवर व्यायाम तरी करेल. मला ते आवडलं नाही. पण माझ्याकडे दुसरी युक्ती नव्हती, म्हणून गप्प बसले.

आत्यांनी व्यायाम केला नाहीच. सोप्यात बसायच्या, डावा हात उजव्यावर ठेवून, गोठ्याच्या दाराकडे बघत. एरवी गावातल्या कुणाच्या घरात काय शिजलं हे सांगणारी बाई, आता "जेवता का?" विचारलं तर मान हलवायची. घरात एवढी शांतता मला सोसत नव्हती. मी भांडी आपटायला लागले होते.

एका रविवारी कपाट आवरताना घोडं सापडलं. सेल घातले तर चालू झालं. दोन पेन्सिल सेलवर चालणारं साधं यंत्र, पडद्यामागे दिवासुद्धा नाही. नीट दिसायचं तर उजेडाला धरावं लागतं. मी सोप्यात उन्हाकडे पाठ करून बसले आणि जुनी जनावरं बघत राहिले. आत्यांनी विचारलं, "काय हाय त्यात?"

माझ्या तोंडून सहज गेलं, "जनावरं."

"बगू."

बस. मी चेंडूसाठी एवढं डोकं फोडलं होतं आणि काम झालं एका शब्दावर. मी यंत्र त्यांच्या दोन्ही हातांत दिलं. डाव्या अंगठ्याने प्राणी चालवायचा, उजव्याने बटण दाबायचं. उजवा अंगठा घसरत होता. मी वर माझा अंगठा ठेवून दाबून दाखवलं. त्यांनी तो झटकला आणि म्हणाल्या, "सरक, माजं मी बगती."

त्यानंतर जे झालं ते मी खेळ बनवणाऱ्यांना सांगितलं तर ते हाय खातील. त्या खेळात इंग्रजी पाट्या येत राहतात. आत्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यांचं काही अडलं नाही. प्रत्येक प्राण्याच्या डोक्यावर त्याच्या जिवाची हिरवी पट्टी असते. आत्यांच्या मते ते त्याचं पोट. पट्टी जरा कमी झाली की त्या खेळातल्या दवाखान्यात पळायच्या. रानातून एखादं कोवळं पाखरू लढायला समोर आलं, की आत्या माघार घ्यायच्या. "दुसऱ्याच्या वासराला मारून आपलं जनावर मोटं करायचं व्हय? लाज न्हाई का." त्यामुळे त्यांचे प्राणी फार हळू वाढले. पण जे वाढले ते त्यांनी एकेक करून ओळखीचे केले. एक काळसर, जाडजूड, सुस्त प्राणी होता, डोक्यावर आत वळलेली शिंगं. तो त्यांचा लाडका, त्याचं नाव काळ्या. दारात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायच्या. शेजारीण म्हणाली, "आवं, ह्यो तर राक्षस दिसतोय." आत्या म्हणाल्या, "रंग बगू नको, डोळं बग. लय गरीब हाय."

आत्या बोलायला लागल्या, ही मोठी गोष्ट होती. जेवताना सांगायच्या, आज काळ्यानं पाण्यात जायला खळखळ केली, आज डोंगरावर गेलो. नवरा ताटाकडे बघून हसायचा. आणि उजवा अंगठा दाबायला लागला. मग त्याच्या शेजारचं बोट. व्यायामवाल्या बाईंना मी खरं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, चालू ठेवा, मीही पेशंटना सांगते. नवरा गमतीने म्हणायचा, "आई, लवकर आणावी लागणार म्हैस." आत्या वर न बघता म्हणायच्या, "तू बोललायस. मी ध्यानात ठिवलंय."

दिवाळीनंतर ऊसतोड आली. नवरा दिवसभर फडात; आत्यांना एकटं ठेवता येईना. माझा भाऊ सुट्टीवर साताऱ्याला आलेला होता आणि भाऊबीज राहिलीच होती. मी आत्यांना म्हणाले, चला माझ्या माहेरी. विहिणीच्या घरी मुक्कामाला जायला त्या एरवी तयार झाल्या नसत्या. पण मी सांगितलं, तिथं तुमच्या काळ्याला टीव्हीवर बघता येईल, केवढा मोठा दिसतो बघा. आत्यांनी घोडं पदरात गुंडाळलं आणि एसटीत माझ्याआधी चढल्या.

भावाने डबा कपाटातून काढून, पुसून, जोडून ठेवला होता. फौजेत राहून त्याची भाषा अर्धी हिंदी झाली आहे. "आओ मावशी, तुमची फौज बगू दे," म्हणत त्याने वायर आणली. वायरचं टोक घोड्यात घट्ट बसतं. ते घालायला मला नेहमीच दोन्ही हात लावावे लागतात, आणि काढायला तर दातओठ खावे लागतात. मी ती जोडून दिली आणि घोडं आत्यांच्या मांडीवर ठेवलं.

टीव्हीवर मैदान आलं आणि काळ्या उतरला. खरंच केवढा तरी. कातडीवरच्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या. तो मान हलवून श्वास सोडत उभा राहिला. आत्या बसल्या जागी सरळ झाल्या. "आगं बया," एवढंच म्हणाल्या. माझी आई चहा घेऊन आली, तिलाही त्यांनी हाताला धरून बसवलं. "बगा विहीणबाई. घरचा हाय."

भावाचे हात शिवशिवत होते. म्हणाला, झुंज लावू. आत्या म्हणाल्या, अजिबात न्हाई. तो म्हणाला, बरं, पण मावशी, ह्याची एक गंमत आहे. हा प्राणी तुमच्याकडे कितीही दिवस ठेवला तरी आहे एवढाच राहणार. ह्या जातीचं असंच असतं. दुसऱ्याच्या हाती दिला तरच त्याचं रूप पालटतं आणि तो मोठा होतो. माझ्या डब्यात पाठवा, मोठा करतो, आणि लगेच परत देतो.

"परत देनार न्हवं?"

"फौजी का वादा."

आत्यांनी बराच विचार केला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण भाऊ सांगत होता ते खरंच होतं. मग त्यांनी स्वतःच बटण दाबलं. टीव्हीवर अंधार झाला, आणि त्यात एक उजळ ठिपका आत्यांच्या बाजूने निघून एका लांब नळीतून भावाच्या बाजूला सरकायला लागला. त्या ठिपक्यात काळ्या. भाऊ म्हणाला, "आता कुणी हात लावू नका. मधे तुटलं तर सगळं जाईल."

ठिपका पलीकडे पोचतोय तोच आत्यांनी घोड्यातून वायर उपटली.

भाऊ ओरडला, "गया! पूरा गया!" टीव्हीवरचं चित्र थिजलं. माझी आई हातातल्या कपासकट उठली. आणि आत्या शांतपणे वायर कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळत होत्या, वेढ्यावर वेढा.

"मावशी, आवं हे काय केलंसा?"

आत्यांना त्याच्या ओरडण्याचंच नवल वाटलं. म्हणाल्या, "जनावर दिलं की दिलं. पन दावं द्यायचं नस्तं. दावं आपल्याच खुंट्याला ऱ्हायला पायजे. त्याच्या मागनं दुसरं जनावर येतं. दावं दिलं की गोठा बसला."

आमच्या भागातली ही जुनी रीत. जनावर विकणारा त्याचं दावं सोडून ठेवून घेतो, आणि घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. मी साताऱ्यात, शहरात वाढलेली, घरी कधी शेळीही नव्हती, मला ती ऐकूनच माहीत, आणि आठवली ती आत्ता. पण नवऱ्याला माहीत असायला हवी होती. त्याने टेम्पोत म्हशी चढवताना घाईत दावी तशीच जाऊ दिली होती. दवाखान्यातून आल्या दिवशी आत्या शुद्धीवर नव्हत्या असं मला वाटलं होतं. आमच्या तिघांत त्या दिवशी शुद्धीवर त्या एकट्याच होत्या. त्या दावी विचारत होत्या म्हणजे विचारत होत्या की ह्या घरात परत म्हैस येणार आहे की नाही. आणि उत्तर त्यांना मिळालं होतं. मला तिथे बसल्या बसल्या फार वाईट वाटलं.

तोपर्यंत भावाने डबा बंद करून पुन्हा चालू केला होता. त्याला काळ्या कुठे लटकला असेल त्याची धास्ती. आधी त्याच्या बाजूला बघितलं, तर काळ्या आहे. मग आत्यांच्या मांडीवरचं घोडं चालू केलं. तिथेही काळ्या. भावाने टुणकन उडीच मारली. "आयला! मावशी, दोन झालं! हिकडं बी हाय, तिकडं बी हाय! लोक ह्याच्यासाठी काय काय करत्यात, आनि तुमी एका झटक्यात केलंसा!"

आम्ही सगळे हसलो. मला तर इतकं हलकं वाटलं की मी भावाला टाळी दिली. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टीव्हीवरचा काळ्या बघितला, मग हातातला बघितला. पुन्हा टीव्हीवरचा.

"ह्यातला खरा कंचा?"

"दोन्ही खरं की."

"आसं कसं? दिल्यावर जातंय, न्हाईतर ऱ्हातंय. दोन्ही गोठ्यांत एकच जनावर कसं बांधंल कोन?" त्यांनी घोडं माझ्याकडे सरकवलं. "मग दोन्ही खोटं. ठीव हे तुझं."

त्या आवाजात राग नव्हता. भाऊ समजावत राहिला, चला ह्याला मोठा करून दाखवतो, चला नवा पकडू. आत्या माझ्या आईबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि पाटवड्यांबद्दल बोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी निघताना भावाने घोडं माझ्या पिशवीत टाकलं. वाटेत कराडला गाडी थांबली तेव्हा मी ते त्यांच्यापुढे धरून बघितलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर पुन्हा पहिले पाढे. सोपा, डाव्या हातात उजवा हात, गोठ्याचं दार. मी भावाला फोन करून उगाचच झापलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, वायर मी उपटली का?" आणि तिथे मी थांबले. वायर कुणी उपटली हे मला माहीत होतं. कोणत्या हाताने, ते मी तोवर ध्यानातच घेतलं नव्हतं.

आठवून बघितलं. घोडं मांडीवर होतं, डाव्या हाताने त्यांनी ते दाबून धरलं होतं. वायर ओढली ती उजव्याने. जे टोक काढायला मला दातओठ खावे लागतात, ते कप धरता न येणाऱ्या हाताने एका हिसक्यात निघालं होतं.

त्या दिवशी नवरा फडातून जेवायला आला, तेव्हा मी ताट वाढायच्या आधी हे सांगितलं. तो म्हणाला, "हो? चांगलं आहे की." आणि हात धुवायला गेला. मला चीड आली. मी त्याच्या मागोमाग मोरीपर्यंत गेले आणि म्हणाले, "तू शब्द दिलायस. हात चालला की म्हैस आणतो म्हणालास. हात चालला. त्या काही मागणार नाहीत, पण मी मागते. आण." शिवाय दाव्यांचंही सांगितलं. तो टॉवेल हातात धरून मोरीच्या कडेला बसला. दाव्याची गोष्ट त्याला लागली, हे दिसत होतं. लहानपणापासून ऐकलेलं तो विसरला होता, आणि विसरला हे आई इतके दिवस उगाळत बसली नव्हती, हे त्याला जास्त लागलं असावं.

उसाचा फड संपल्यावर तो जाऊन म्हैस घेऊन आला. विकलेल्या दोन आता परत मिळण्यासारख्या नव्हत्या. ही वेगळीच, नुकती व्यालेली, बरोबर रेडकू. स्वतः नवं दावं घेऊन गेला होता. आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, म्हशीच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं. हळदकुंकू उजव्या हाताने लावलं. थोडं डोळ्याजवळ सांडलं. त्या दिवशी त्या किती बोलल्या! म्हशीशी बोलल्या, रेडकाशी बोलल्या, मला वैरणीतलं काय कळत नाही हे मला तीनचार वेळा सांगितलं. नवरा माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. आपण एक चांगलं काम केलं, असं आम्हा दोघांच्याही तोंडावर दिसत असणार.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. आत्या चरवी घासून घेऊन आल्या. आम्ही दोघं गोठ्याच्या दारात उभे राहिलो. मी मोबाइल काढून ठेवला होता, व्यायामवाल्या बाईंना व्हिडिओ पाठवायचा होता. आत्यांनी रेडकू सोडलं, त्याला थोडं पिऊ दिलं, बाजूला घेतलं, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. आणि चरवी मुलापुढे धरली.

"बस खाली."

"मी?" तो हसला. "आगं आई, तुझा हात चालतोय की आता."

आत्यांनी उजवा हात पुढे करून दाखवला. बोटं मिटली, पण मिटता मिटता थरथरली आणि आपोआप उघडली. "ह्यो एवडाच हाय आता. वायर वडायपुरता. धारंला न्हाई पुरायचा. मला काय कळत न्हाई व्हय माज्या हाताचं?"

"मग म्हैस कशाला आणायला लावलीस?"

आत्या त्याच्याकडे बघतच बोलल्या, सावकाश, म्हशीच्या पाठीवरचा हात न काढता. "माजा एक हात गेला म्हनून तुमी दोन म्हशी इकल्यासा. घरात बाकीचं चार हात हुतं. त्येंला काय झालं हुतं रं?"

इतके दिवस आम्ही त्यांच्या हाताची चौकशी करत होतो, त्याला औषध, चेंडू, खेळ देत होतो, आणि आमचे हात खिशात होते. लाज वाटली, अगदी कानापर्यंत. म्हैस पान्हावून उभी होती, रेडकू ओढ घेत होतं, आणि थांबायला वेळ नव्हता.

नवऱ्याने चप्पल काढली आणि बसला. लहानपणी त्याने धार काढलेली होती, ते बोटांना आठवायला वेळ लागला. म्हैस पाय झाडत होती. आत्या तिच्याशी बोलत राहिल्या. मग चरवीत पहिली धार वाजली, मग दुसरी. तो घामाघूम झाला तेव्हा आत्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी मोबाइल खिडकीत ठेवला आणि शाळेची साडी वर खोचली.